भामरे मॅडमची न लढलेली युद्धं

भामरे मॅडमशी वाद घालायला बसलं की ऐन रंगात आल्यावर त्या खुर्चीतून उठायच्या, टेबलाला वळसा घालून आपल्या बाजूला यायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ. तू माझ्या जागेवर जा. आता माझ्या बाजूने भांड." आणि खरंच आपल्या खुर्चीत बसून आपलीच बाजू आपल्यापेक्षा चांगली मांडायच्या. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पगारवाढीपासून पंख्याच्या वेगापर्यंत ज्या ज्या गोष्टीवरून वाद झाले, त्यात मॅडम असल्या की दोघेही भांडणारे शेवटी दमून हसायला लागायचे. प्राचार्यांनाही त्यांनी एकदा खुर्चीतून उठवलं होतं. ते मात्र फारसे हसले नव्हते.

मॅडम गणित शिकवायच्या. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. वयाने त्या माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. त्या मूळच्या नामपूरच्या. बोलायच्या नाशिकच्या शहरी मराठीत, पण राग आला किंवा फार आनंद झाला की जीभ घरी, अहिराणीत जायची. "तसं नही शे," असं ऐकू आलं की समजायचं, मॅडम आता मनापासून बोलताहेत. मधल्या सुट्टीत डबा घेऊन त्या ग्रंथालयात यायच्या, कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यासमोर ठेवायच्या आणि हाताला लागेल त्या कागदावर चार घरांची चौकट काढायच्या. हजेरीपटाची मागची बाजू, एसटीचं तिकीट, लग्नपत्रिका, काहीही चालायचं. उभ्या बाजूला एका पक्षाचे दोन पर्याय, आडव्या बाजूला दुसऱ्याचे दोन. चार घरांत चार निकाल. जगातलं कुठलंही भांडण या चार घरांत आधी बसवून बघावं, मग तोंड उघडावं, असं त्यांचं मत होतं.

याला गेम थिअरी म्हणतात हे मला त्यांच्यामुळेच कळलं. शासकीय कोशात त्याला 'द्यूतसिद्धांत' असा शब्द दिलेला मी त्यांना दाखवला, तर त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, "द्यूत म्हटलं की फासे आले. फाशांना डोकं नसतं. इथे समोर माणूस आहे. तो आपल्याकडे बघून ठरवतोय, आपण त्याच्याकडे बघून. याला डाव म्हण."

आणि या डावांच्या त्या गोष्टी लिहायच्या. विज्ञानकथा, आणि त्याही युद्धाच्या. दिवाळी अंकांत वर्षाला एखादी छापून यायची. दोन ग्रह, दोन वसाहती, कधी एकाच यानात अडकलेल्या दोन फौजा. शस्त्रं भयंकर असायची, पण सहसा एकही सुटायचं नाही. एका संपादकांनी त्यांना पत्र लिहिलं होतं की, बाई, तुमच्या गोष्टीत लढाईची तयारी पानंच्या पानं चालते आणि शेवटी लढाईच होत नाही, वाचकाची निराशा होते. मॅडमनी उलटटपाली कळवलं, "लढाई झाली म्हणजे दोघांचंही गणित चुकलं. चुकलेलं गणित मी कशाला छापू?"

त्यांचे यजमान, भामरे सर, ओझरच्या विमान कारखान्यात होते. अगदी शांत गृहस्थ. कारखान्याच्या बसने सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. एकदा जेवताना मला म्हणाले, "मी लढाऊ विमानं नीट करून देतो. आणि ही घरी बसून ती उडणार नाहीत अशी व्यवस्था करते. आमच्या घरात दोघांनाही काम पुरतं."

वर्गातली त्यांची एक तऱ्हा सांगते, कारण पुढे जे झालं ते त्या वर्गापासून सुरू होतं. बारावीच्या वर्गावर त्या एकदा पेढ्यांचा खोका घेऊन गेल्या आणि चिठ्ठ्या गोळा करायला मला सोबत नेलं. प्रत्येकाने चिठ्ठीवर 'दे' किंवा 'घे' यांपैकी एकच शब्द लिहायचा. सगळ्यांनी 'दे' लिहिलं तर सगळ्यांना एकेक पेढा. काहींनी 'घे' लिहिलं तर त्यांना दोन-दोन, आणि 'दे' लिहिणाऱ्यांना काही नाही. पण 'घे'वाले दहाच्या वर गेले, तर खोका बंद, कोणालाच काही नाही. बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. सगळ्या 'घे'. एक सोडून. खोका बंद झाला आणि वर्गात कल्ला उठला. मॅडमनी विचारलं, "'दे' कोणाचं?"

शेवटच्या बाकावरून काशिनाथ गावित उभा राहिला. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा मुलगा, वसतिगृहात राहायचा. कधी फारसं न बोलणारा.

"बाकीचे 'घे' लिहिणार हे तुला वाटलं नाही का?"

"वाटलं ना, मॅडम."

"मग?"

तो जरा अवघडला. "आमच्याकडे भाताची आवणी, लावणी म्हणतात ती, सगळे मिळून करतात. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. एकानं नुसतं घेतलं, तर पुढच्या साली त्याच्या आवणीला कोणी येत नाय. एका पेढ्यासाठी कोण घेईल?"

मॅडमनी खोका उघडून सगळ्या वर्गाला पेढे वाटले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हे समजवायला मी फळा दोनदा भरून आकडे लिहिते. डाव एकदाच खेळायचा असेल तर लबाडी परवडते, रोज त्याच माणसांशी खेळायचा असेल तर नाही. त्या पोराले आधीच ठावं शे."

त्याच वर्षी आम्ही दोघी कॉलेजचं काही काम आटोपून रिक्षाने परतत होतो. द्वारका चौकातला सिग्नल बंद होता. रस्ता एका बाजूने खोदलेला, आणि उरलेल्या अरुंद वाटेत एक टेम्पो आणि एक मोठी कार नाकाला नाक लावून उभी. दोघेही हॉर्न वाजवताहेत, मागे कोणी जात नाही. मागे दोन्हीकडे रांगा. पाच मिनिटांनी टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं, चावी काढली, कारवाल्याला दिसेल अशी ती वर धरून खिशात टाकली आणि खाली उतरून चहाच्या टपरीकडे निघून गेला. कारवाल्याने अजून थोडा हॉर्न वाजवला, मग मुकाट्याने गाडी मागे घेतली.

मॅडम एवढ्या खूश झाल्या की रिक्षावाल्यानेही मागे वळून पाहिलं. "बघितलंस? त्याने स्वतःचे हात बांधून घेतले. 'मी मागे जाणार नाही' असं नुसतं ओरडून कोणी ऐकत नाही. मागे जायची सोयच ठेवली नाही आणि ते समोरच्याला दाखवलं. आता निर्णय एकट्या समोरच्याचा."

पंधरा दिवसांत त्यांनी 'हातोडा' ही गोष्ट लिहिली. मीच ती टंकून दिली. एका ग्रहाच्या दोन चंद्रांवर माणसांच्या दोन वसाहती आहेत. मधल्या खनिजाच्या पट्ट्यावरून त्यांचं बिनसलेलं आहे. एक वसाहत दुसरीवर शस्त्रं भरलेली यानं सोडते. त्यांना परत बोलावू शकेल असं एकच यंत्र तिच्याकडे असतं. ते यंत्र ती हातोड्याने फोडून टाकते, आणि फोडतानाचा आवाज पलीकडच्यांना ऐकवते. दुसरी वसाहत यानं वाटेत असतानाच शरण येते. पट्टा सोडते. करार होतो, आणि यानांचं इंधन आधीच ठरवून कमी भरलेलं असल्यामुळे ती मध्येच थांबतात. एकही माणूस मरत नाही.

ती त्यांची सर्वांत गाजलेली गोष्ट. लोकांची पत्रं आली. मुलांच्या आग्रहावरून मॅडमनी ती काशिनाथच्या बारावीच्या वर्गात वाचूनही दाखवली. मी दारात उभी राहून ऐकली. हातोड्याच्या ठिकाणी त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं तेव्हा सगळा वर्ग दचकला.

काशिनाथ बारावीनंतर फौजेत भरती झाला. दिवाळीला मॅडमना त्याचं दोन ओळींचं पत्र यायचं, नंतर फोनवर निरोप. मधे पुष्कळ वर्षं गेली. मॅडमचे केस पांढरे झाले, त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने राहिले, आणि एका प्रकाशकाने त्यांच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरवलं. पहिलंच पुस्तक. नाव अर्थातच 'हातोडा'. मुद्रितं तपासायला आली तेव्हा मॅडम ती ग्रंथालयात घेऊन आल्या आणि नव्या साडीच्या घडीवरून फिरवावा तसा त्यांनी त्या कागदांवरून हात फिरवला.

मुद्रितं तपासण्याच्या त्या दिवसांतच काशिनाथ आला. सुट्टीचे दिवस होते, ग्रंथालयात आम्ही दोघीच. मी त्याला ओळखलं नाही. अंगाने भरलेला, हवालदार झालेला. मॅडमनी मात्र नावानेच हाक मारली. चहा आला. मॅडमनी त्याला मुद्रितं दाखवली. वरचं नाव त्याने दोनदा वाचलं.

"ही गोष्ट मी वापरली, मॅडम," तो म्हणाला.

"वापरली म्हणजे?"

मग त्याने सांगितलं. डोंगरातल्या एका छोट्या ठाण्यावर तो प्रमुख होता. समोर पलीकडच्यांचं ठाणं, मधे एक नाला. पाणी दोघांनाही त्याच नाल्याचं. कोणी ठरवलं नव्हतं, पण सकाळी हे भरायचे, दुपारी ते. वर्षभर एक गोळी सुटली नव्हती. मग पलीकडच्यांनी नाल्याच्या काठाला दगड रचायला सुरुवात केली. आडोसा झाला असता तर नाला त्यांच्या ताब्यात गेला असता. याने ओरडून सांगितलं, ते थांबले नाहीत.

"तेव्हा मला हातोडा आठवला. मी माझ्या पोरांना सगळ्यांसमोर, पलीकडे ऐकू जाईल असं सांगितलं, की उद्या सकाळी त्या दगडांपाशी माणूस दिसला की गोळी घाला. मला विचारू नका. मी इथं नसणार. आणि मी खालच्या ठाण्यावर निघून गेलो. ते बघत होते. मी गेलो हे त्यांनी बघितलं."

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला होता.

"सकाळी धुकं होतं. एक माणूस दगडांपाशी वाकलेला दिसला. पोरांनी सांगितल्याप्रमाणे केलं." त्याने मुद्रितं बाजूला सारली. "धुकं निवळल्यावर पोरांना दिसलं, मॅडम. भिंत अर्धी उतरवलेली होती. तो दगड काढत होता. त्यांनी ऐकलं होतं आपलं. पण ते बघून हुकूम मागं घ्यायला मी तिथं नव्हतोच."

"गेला का तो?" मॅडमनी विचारलं.

"त्याच्या लोकांनी ओढून नेला. पुढं काय झालं ते कधी कळलं नाय. मग दोन दिवस दोन्हीकडून चाललं. आमच्या एका पोराचा पाय गेला."

तो तक्रार करायला आला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना तसंच वाटलं. त्याने फक्त एक विचारलं, "मॅडम, गोष्टीत यानं थांबली होती. माझं कुठं चुकलं?" एखादं गणित सुटलं नाही म्हणून वही घेऊन यावं, तसं.

मला वाटलं मॅडम कागद ओढतील, चौकट काढतील. त्यांनी काही काढलं नाही. त्या उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "तुझं नाही चुकलं. यानांत इंधन कमी भरलंय हे मी वाचकाला शेवटी सांगितलं, बाळा. तुझ्या गोळ्या तशा मध्येच कुठून थांबणार होत्या? ती लेखिकेची पळवाट होती."

तो गेल्यावर मी त्यांना समजवायला गेले. म्हणाले, "मॅडम, ती गोष्ट होती. हुकूम त्याने स्वतः दिला."

"गोष्ट ऐकून तो शहाणा झाला असता तर श्रेय घेतलं असतं ना मी?" त्या म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "समोरना बी मानूसच शे. तो मन बदलू शकतो, हेच तर मी जन्मभर शिकवलं. आणि त्या एका गोष्टीत, त्याचं मन बदलल्यावर आपल्याला मागे फिरायची वाटच मी फोडून टाकली. वर त्याला हुशारी म्हटलं. आवणीचं शहाणपण घेऊन आलेलं पोर होतं ते. मी त्याला टेम्पोवाल्याचं शिकवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकाला फोन करून छपाई थांबवायला सांगितलं. 'हातोडा' नव्याने लिहायची आहे म्हणाल्या. महिनाभरात लिहिलीही. नव्या गोष्टीत यंत्र तसंच फुटतं, पलीकडची वसाहत तशीच शरण येते. तिथे निरोप पाठवणारी एक बाई आहे, ती पुन्हा पुन्हा सांगत राहते की आम्ही पट्टा सोडला, यानं मागे घ्या. अलीकडचा यंत्रावरचा माणूस तो निरोप ऐकतो. त्याला सगळं ऐकू येतं. यानांशी बोलता येत नाही. तो जमिनीवर बसून फुटलेल्या यंत्राच्या तारा जोडत राहतो. यानांत इंधन पूर्ण भरलेलं आहे. पलीकडच्या बाईचा आवाज बंद होतो तिथे गोष्ट संपते.

प्रकाशक घरी आले. मी तेव्हा तिथेच होते. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "मॅडम, लोकांना जुनी आठवते. ती जिंकण्याची गोष्ट आहे. हे वाचून माणूस पुस्तक मिटून ठेवेल."

"ठेवू दे की," मॅडम म्हणाल्या.

"मग निदान दोन्ही छापू. जुनी आधी, नवी शेवटी."

"जुनी आधी वाचली की नवी कोणी वाचत नाही. मला ठाऊक आहे, मी ती डस्टर आपटून वाचलीय."

पुस्तक निघालं नाही. भामरे सरांनी ती मुद्रितं एका खोक्यात घालून माळ्यावर ठेवली. मला मॅडमचा राग आला होता, इतक्या वर्षांच्या कामावर असं पाणी सोडलं म्हणून. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या फक्त म्हणाल्या, "पुस्तक नसलं तर माझं काय जाईल? नामपूरला मला अजून कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी म्हणूनच ओळखतात." आणि स्वतःशीच हसल्या. पण निरोप समारंभात बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा नेहमीसारखी एकही गंमत त्यांनी केली नाही. ज्या विद्यार्थ्याने चुकीचं उत्तर घेऊन परत यायचं धाडस केलं, त्याचे आभार, एवढंच म्हणाल्या. समोरच्यांपैकी कोणाला ते कळलं नाही.

मॅडमना जाऊन आता दोन वर्षं झाली. शेवटची काही वर्षं त्या मुलीकडे दुसऱ्या शहरात होत्या, आणि गेल्याची बातमी मला फोनवरच कळली. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या नाशिक सोडून जायच्या आधी, काशिनाथच्या घरी. तो फौजेतून मोकळा होऊन पाड्यावर परतला होता. मॅडमनी नवी गोष्ट त्याला टपालाने पाठवली होती, पण त्याने कळवलं, वाचवत नाही, तुम्हीच वाचून दाखवा. भामरे सरांनी गाडी काढली. दिंडोरी, वणी मागे टाकून आम्ही घाटाने गेलो.

दुपार होती. ओट्यावर नागली वाळत घातलेली. काशिनाथ, त्याची बायको सीताबाई आणि मी असे तिघे ऐकायला. भामरे सर गाडीच्या चाकाकडे काहीतरी बघत होते. मॅडमनी चष्मा लावला आणि अगदी सपाट आवाजात गोष्ट वाचली. काशिनाथ सबंध वेळ हातातली काडी मोडत होता. संपल्यावर तो म्हणाला, "धुकं नाय त्यात. पण बाकी असंच असतं."

सीताबाई मात्र मॅडमकडेच बघत होती. "ती पलीकडची निरोप देणारी," ती म्हणाली, "तिचा नाव काय हाय?"

मॅडमनी कागदांकडे पाहिलं. अलीकडच्या यंत्रावरच्या माणसाला नाव होतं. त्याच्या मुलीलाही होतं. मी त्यांच्या सगळ्या गोष्टी टंकल्या होत्या, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की एकाही गोष्टीत पलीकडच्या कोणाला त्यांनी नाव दिलेलं नव्हतं.

"नाव नाही ठेवलं मी," मॅडम हळू म्हणाल्या.

"नाय?" सीताबाईला ते खरंच समजलं नाही. "मंग घरचे तिला काय म्हणून हाक मारीत?"

काशिनाथ उठला आणि अंगणाच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, पण हाक मारली नाही. पर्समधून पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवून पहिलं पान वर घेतलं आणि सीताबाईला विचारलं, "तुमच्याकडे बायकांची काय काय नावं असतात?"

सरांनी मला गाडीशी बोलावलं, घाट उजेडात उतरायला हवा म्हणून. मी गाडीजवळून मागे वळून बघितलं. सीताबाई बोटं मोजत आपल्या नणंदांची, मावश्यांची, मैत्रिणींची नावं सांगत होती, आणि मॅडम मान किंचित कलती करून त्यांतलं प्रत्येक नाव एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणून बघत होत्या.